पाणी कुठे गेलं?

चाचणीचा पेपर हातात आला तेव्हा आम्ल, आम्लारी व क्षार या प्रकरणावरच्या १० गुणांपैकी मला साडेतीन मिळाले होते. ते प्रकरण मला पाठ होतं. कुठल्या दर्शकाचा कुठे कोणता रंग, कुठल्या फळात कोणतं आम्ल, कुठल्या क्षाराचं व्यवहारातलं नाव काय, सगळं मी आदल्या रात्री आईला म्हणून दाखवलं होतं. त्यामुळे वाईट वाटलं त्यापेक्षा जास्त गोंधळले.

एक प्रश्न असा होता: हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ग्लुकोज, दोघांच्याही रेणूत हायड्रोजन आहे, मग आम्लाच्या विरल द्रावणातून वीज वाहते आणि ग्लुकोजच्या द्रावणातून का वाहत नाही? मी लिहिलं होतं, "कारण हायड्रोक्लोरिक आम्ल हे तीव्र आम्ल आहे." बाईंनी त्यावर काट मारली नव्हती. खाली लाल शाईने फक्त एवढंच लिहिलं होतं: "पाणी कुठे गेलं?"

मला तो शेरा कळलाच नाही. प्रश्न विजेचा, उत्तर आम्लाचं, त्यात पाण्याचा काय संबंध? मधल्या सुट्टीत जाऊन विचारलं तर बाई म्हणाल्या, "उद्या तास संपल्यावर प्रयोगशाळेत थांब. सांगून उपयोग नाही, बघच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षानळीत मीठ घेतलं, त्यावर थोडं संहत सल्फ्युरिक आम्ल सोडलं आणि निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू कॅल्शिअम क्लोराइड भरलेल्या नळीतून पुढे नेला. हवा दमट होती, वायूतला ओलावा त्या नळीत अडकावा म्हणून. नळीच्या तोंडाशी कोरडा निळा लिटमस धरला. मी लाल होण्याची वाट बघत राहिले. कागद निळाच राहिला. मग बाईंनी दुसरा कागद पाण्यात बुडवून धरला आणि तो क्षणात लाल झाला. वायू तोच, कागद तोच, फरक एका थेंबाचा.

"आता सांग," त्या म्हणाल्या, "आम्ल बाटलीत असतं की पाण्यात?"

त्या एका प्रश्नाने माझा पुढचा तीन आठवड्यांचा अभ्यास बदलला. तोपर्यंत मी प्रत्येक पदार्थाकडे "हा कोण आहे" म्हणून बघत होते: हा आम्ल, हा आम्लारी, हा क्षार, प्रत्येकाच्या पाटीवर नाव लिहून ठेवल्यासारखं. आता विचारायचं होतं, "हा पाण्यात गेल्यावर काय करतो?" हायड्रोजन क्लोराइडचा रेणू पाण्यात फुटतो, त्याचा एच प्लस आयन (धन भार असलेला हायड्रोजनचा कण) पाण्याच्या रेणूला चिकटतो आणि हायड्रोनियम होतो. ग्लुकोजही पाण्यात छान विरघळतो, पण त्याचे रेणू अख्खेच्या अख्खे राहतात. आयन नाहीत, तर वीज वाहून कोण नेणार? चाचणीतल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर एवढंच होतं आणि त्यात "तीव्र" हा शब्द कुठेच लागत नव्हता.

त्या संध्याकाळी मी शाळेच्या ग्रंथालयातून रसायनशास्त्राच्या इतिहासावरचं एक जुनं पुस्तक आणलं. माझी चूक फार जुनी आहे हे त्यात वाचून मला धीर आला. आम्लपणा पदार्थाच्या घटकात असतो असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएलाही वाटत होतं. सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असणारच अशी त्याची खात्री होती, म्हणून त्याने त्या मूलद्रव्याला "आम्ल घडवणारा" अशा अर्थाचं नाव दिलं. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने दाखवून दिलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच. नाव मात्र ऑक्सिजनला तसंच चिकटून राहिलं. पुढे १८८४ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियसने आपल्या प्रबंधात मांडलं की विद्युतवाहक पदार्थ पाण्यात विरघळले की त्यांचे भारित कण सुटे होतात. परीक्षकांनी त्या प्रबंधाला अगदी कमी श्रेणी दिली आणि त्याच कामासाठी १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. माझी साडेतीन गुणांची उत्तरपत्रिका समोर होती, तेव्हा हा तपशील मी दोनदा वाचला.

पुढचा अडथळा शब्दांचा होता आणि त्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण मराठीतून शिकणाऱ्या अनेकांचा पाय इथेच अडकतो. "क्षार" या शब्दाने मला फार छळलं. आपल्या पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारा पदार्थ. मी उजळणीसाठी मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायचे, तिथे "क्षार" म्हणजे आपला आम्लारी आणि आपल्या क्षाराला "लवण". वर घरात कुणी म्हणायचं, "या पाण्यात क्षार फार आहेत." तीन ठिकाणी तीन अर्थ डोक्यात एकत्र झाले होते. चाचणीत मी "क्षार लाल लिटमस निळा करतो" असं लिहिलं होतं, ते तिथूनच आलेलं. मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आपल्या पुस्तकातले अर्थ लिहिले आणि परीक्षा होईपर्यंत हिंदी व्हिडिओ बंद केले. व्हिडिओ चांगले होते, पण माझ्यासाठी ती वेळ चुकीची होती.

त्याच वेळी आम्लारी या शब्दाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आम्ल अधिक अरी, आम्लाचा शत्रू. इतके दिवस मी तो शब्द एखाद्या आडनावासारखा घोकत होते. उदासीन शब्दाचंही तसंच. मी त्याचा अर्थ खिन्न असा लावत असे. खरं तर उदासीन म्हणजे अलिप्त बसलेला, ना या बाजूला ना त्या. शत्रू एकमेकांना भिडतात आणि जे उरतं ते कुणाच्याच बाजूचं नसतं. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांनी निम्मं प्रकरण शब्दांतच भरून ठेवलं होतं.

यानंतर जुन्या याद्या मी बाजूला ठेवल्या आणि एक तक्ता आखला. आडव्या ओळीत पाच आम्लं: हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, ॲसेटिक, कार्बोनिक. उभ्या ओळीत सहा आम्लारी: सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम यांची हायड्रॉक्साइडं आणि अमोनिअम हायड्रॉक्साइड. ३० चौकोन, प्रत्येकात एक क्षार. आम्लारीकडून धन आयन घ्यायचा, आम्लाकडून ऋण आयन, संयुजा (कोण किती जणांशी जोडला जातो) बघून सूत्र जुळवायचं. पहिले दहा चौकोन भरायला पाऊण तास लागला. शेवटचे दहा पंधरा मिनिटांत झाले. ॲल्युमिनिअम आणि कार्बोनिक आम्लाचा चौकोन मी सूत्राने भरला, पण तसा क्षार नेहमीच्या परिस्थितीत टिकत नाही असं बाईंनी सांगितल्यावर त्यावर रेघ मारली. सूत्र जुळलं म्हणजे पदार्थ असतोच असं नाही, हेही तेव्हाच कळलं.

त्या तक्त्याचा खरा उपयोग दुसऱ्या आठवड्यात झाला. क्षाराचं द्रावण उदासीनच असतं असं मी धरून चालले होते. प्रयोगशाळेत तीन परीक्षानळ्यांत मीठ, नवसागर (अमोनिअम क्लोराइड) आणि धुण्याचा सोडा यांची द्रावणं घेऊन वैश्विक दर्शक टाकला. पहिली हिरवी म्हणजे उदासीन, दुसरी नारिंगीकडे झुकलेली म्हणजे आम्लाच्या बाजूची, तिसरी निळी म्हणजे आम्लारीच्या. तिन्ही क्षारच! घरी येऊन तक्ता उघडला आणि प्रत्येक क्षाराचे आईबाप तपासले. मिठाचं आम्ल तीव्र, आम्लारीही तीव्र, म्हणून कुणाचंच पारडं जड नाही. नवसागर तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांच्यापासून झालेला, त्याचा अमोनिअम आयन पाण्याला एच प्लस देऊन टाकतो. धुण्याच्या सोड्यातला कार्बोनेट आयन उलट पाण्याकडूनच एच प्लस ओढून घेतो आणि मागे आम्लारीपणा आणणारा ओएच मायनस उरतो. इथेही उत्तर पाण्यातच होतं. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (pH; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी) ८ च्या थोडा वर आणि धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास, हे आकडे मला त्यानंतर पाठ करावे लागले नाहीत.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते तीव्र आणि संहत यांतला फरक समजायला. मला दोन्ही शब्द एकच वाटत. संहत म्हणजे पाणी कमी आणि आम्ल जास्त, तीव्र म्हणजे पाण्यात गेल्यावर जवळजवळ सगळे रेणू फुटणारं, हे वाक्य मी पन्नास वेळा वाचलं असेल. वाक्य कळत होतं, पण त्यावरचा प्रश्न आला की मी परत चुकत होते. शेवटी बाईंनी अनुमापन करायला लावलं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून थेंब थेंब सोडून, आम्ल संपायला किती आम्लारी लागतो ते मोजायला. आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "तुझ्या डोक्यातला गुंता ब्युरेटच सोडवेल."

दोन शंकूपात्रांत १०-१० मिलीलीटर आम्ल घेतलं. एकात हायड्रोक्लोरिक, दुसऱ्यात ॲसेटिक, दोन्हींची रेणुता ०.१, म्हणजे तेवढ्याच द्रावणात दोन्हींचे रेणू सारखेच. सामूच्या कागदाने आधी तपासलं: हायड्रोक्लोरिकचा १ च्या जवळ, ॲसेटिकचा ३ च्या जवळ. ब्युरेटमध्ये ०.१ रेणुतेचं सोडिअम हायड्रॉक्साइड आणि दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिन, आम्लात रंगहीन आणि आम्लारीत गुलाबी. बाईंनी आधीच विचारलं, "कुणाला जास्त लागेल?" मी म्हटलं, "हायड्रोक्लोरिकला. तीव्र आहे ना." हायड्रोक्लोरिकला १०.१ मिलीलीटर लागले. ॲसेटिकला मी २-३ मिलीलीटरनंतर प्रत्येक थेंबाला थांबून पात्र हलवत होते, आता गुलाबी होईल, आता होईल म्हणून. पाच झाले, आठ झाले. १०.० वर एक थेंब पडला आणि फिकट गुलाबी रंग टिकला.

मी ब्युरेटचं वाचन तीनदा केलं. ॲसेटिक आम्लाच्या त्या द्रावणात हजार रेणूंतले जेमतेम तेरा रेणू फुटलेले असतात, सामूच्या कागदाला तेवढेच दिसतात. पण आम्लारी येऊन त्या तेरांचे एच प्लस उचलतो तसे नवे रेणू फुटतात, ते संपले की आणखी, शेवटच्या रेणूपर्यंत. तीव्रता म्हणजे या घटकेला किती सुटे आहेत. एकूण द्यायला किती आहेत हा हिशोब वेगळा. हे मला वाचून कधीच समजलं नसतं, कारण वाचताना मी चुकीचा अंदाज बांधून त्याची वाट बघत बसले नव्हते.

ॲसेटिकसाठी मिथिल ऑरेंज का वापरत नाहीत, हेही मग करून पाहिलं. ते ३.१ ते ४.४ या सामूच्या दरम्यानच तांबड्याचं पिवळं होतं, त्यामुळे साधारण ३ मिलीलीटरलाच पिवळं झालं. काम अजून दोन तृतीयांश बाकी होतं आणि दर्शक म्हणत होता की झालं! फिनॉल्फ्थॅलिन ८.२ ते १० च्या दरम्यान बदलतं, इथे तेच हवं. आणखी एक गोष्ट. फिकट गुलाबी झालेलं पात्र मी तसंच ठेवून वहीत लिहीत बसले, दहा-पंधरा मिनिटांनी पाहिलं तर रंग नाहीसा झालेला. मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. हवेतला कार्बन डायॉक्साइड द्रावणात विरघळून हळूहळू आम्लपणा आणत होता. दर्शकांच्या रंगांच्या तक्त्याला मी तेव्हापासून पाठांतराचा विषय मानलं नाही.

सामूचं गणित त्यामानाने लवकर बसलं. १९०९ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सनने ही मोजपट्टी मांडली ती लॉगरिथमवर, म्हणून सामू ३ आणि ५ यांच्यात फरक दोनचा नसून शंभर पटींचा. सामू १ च्या तीव्र आम्लाचे १० मिलीलीटर घेऊन पाण्याने १०० केले की सामू २. मग मी गंमत म्हणून असंच पुढे करत गेले आणि कागदावर सामू ८ आला. आम्लात नुसतं पाणी घालून आम्लारी? दोन दिवस मी या उत्तराकडे बघत होते. उत्तर पुन्हा त्या लाल शेऱ्यात निघालं. पाणी स्वतःही थोडं फुटतं, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. आम्ल फार विरल झालं की पाण्याचे स्वतःचे एच प्लस त्याच्यापेक्षा जास्त होतात आणि मी त्यांना हिशोबात धरलंच नव्हतं. ते धरले की सामू ६.९८ येतो. ७ च्या पलीकडे पाणी कधीच नेत नाही.

उदासिनीकरणात उष्णता निघते हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपतं. आम्ही थर्माकोलच्या पेल्यात १ रेणुतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड ५०-५० मिलीलीटर मिसळलं, तापमान साडेसहा अंशांनी चढलं. मग दुसऱ्या पेल्यात नायट्रिक आम्ल आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइड, तरी साडेसहाच. चारही पदार्थ वेगळे, क्षार वेगळे, उष्णता सारखी. कारण दोन्ही पेल्यांत खऱ्या अर्थाने घडतं एकच: एच प्लस आणि ओएच मायनस मिळून पाणी. बाकीचे आयन नुसते हजर असतात. एक मोल (रेणूंची एक ठरलेली संख्या) पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल. कुठलीही तीव्र जोडी घ्या, आकडा हाच.

बाकी भाग भराभर झाला. धातूबरोबर हायड्रोजन, कार्बोनेटबरोबर कार्बन डायॉक्साइड, तो चुन्याच्या निवळीत सोडला की दुधाळपणा आणि जास्त सोडला की निवळी पुन्हा स्वच्छ. ॲसेटिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजन चार असले तरी पाण्यात सुटा होतो एकच, म्हणून त्याची आम्लारिधर्मता एक. मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) तापवताना परीक्षानळीचं तोंड किंचित खाली ठेवायचं, नाहीतर तोंडाशी जमलेले थेंब गरम तळाकडे ओघळून नळी तडकते. निळे स्फटिक पांढरे पडले, त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि निळा रंग परतला. संहत आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. सल्फ्युरिक आम्ल पाण्यापेक्षा पावणेदोन पटींहून अधिक जड असतं, वरून ओतलेलं पाणी त्याच्यावरच राहतं, तिथेच उकळतं आणि आम्लासकट उडतं. हा नियम कारणासकट माहीत असावा असं मला फार वाटतं, कारण घाईच्या वेळी नुसता नियम उलटसुलट होऊ शकतो.

परीक्षेआधीच्या शेवटच्या तीन दिवसांत मी नवीन काही वाचलं नाही. रोज कोरा कागद घेऊन तक्ता आठवणीतून भरायचा आणि प्रत्येक "कारण द्या" खाली आधी पेन्सिलीने लिहायचं: पाण्यात काय होतं? पेपरमध्ये ग्लुकोजचा प्रश्न आला नाही. त्याऐवजी कोरड्या सायट्रिक आम्लाच्या स्फटिकांवर कोरडा निळा लिटमस का बदलत नाही, असा आला. मी दोन ओळींत उत्तर लिहून पुढे गेले. दोन समीकरणांत संतुलन करायचं राहिलं आणि तिथे गुण गेले. तरी एकूण गुण चांगले आले.

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत मात्र मी अडले. परीक्षकांनी अमोनियाच्या द्रावणाची बाटली उघडली, काचकांडी संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून बाटलीच्या तोंडाशी धरली. दाट पांढरा धूर. "हा काय?" "नवसागर, सर. अमोनिअम क्लोराइड." "म्हणजे अमोनियाने आम्लारीचं काम केलं. त्याच्या रेणूत ओएच आहे?" "नाही." "आणि हे दोन्ही वायू हवेतच भेटले. द्रावण कुठे आहे?"

मी गप्प उभी राहिले. त्यांनी हसून पुढचा प्रश्न विचारला, पण माझं लक्ष त्या धुरातच होतं. परीक्षा संपल्या संपल्या मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई, आता मीच विचारते, यात पाणी कुठे गेलं?"

बाईंनी कपाटातून वरच्या वर्गाचं पुस्तक काढलं. "अऱ्हेनियसची व्याख्या इथे पुरत नाही," त्या म्हणाल्या. "१९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघांनी स्वतंत्रपणे दुसरी मांडली. प्रोटॉन, म्हणजे एच प्लस, देणारा तो आम्ल, घेणारा तो आम्लारी. पाणी असो वा नसो." मग त्यांनी त्या पानात खुणेचा कागद घातला आणि पुस्तक माझ्याकडे दिलं.